फिट्सची गोळी मनासाठी: पुरावा, किंमत आणि जोयड्याचा हिशेब

जोयडा तालुक्यातून मोठ्या दवाखान्यात जायचं तर आधी दिशा ठरवावी लागते. अणशी घाट उतरलं की कारवार, दांडेली-हल्याळवरून धारवाड, रामनगर-खानापूर करून बेळगाव आणि अनमोड घाटातून गोवा. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. धारवाडला मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची सरकारी संस्था, म्हणजे डिम्हान्स. बेळगावातही वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत आणि बांबोळीला गोव्याची मनोविकार संस्था आहे. वाटा चार, राज्यं दोन आणि भाषा तीन, पण तालुक्याच्या आत मनोविकारतज्ज्ञ रोज भेटेल अशी जागा नाही.

काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. हा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 52 हजार होती. कुणबी, गवळी धनगर आणि सिद्दी यांच्या वाड्या व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात पांगलेल्या आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 0.3 टक्के प्रौढांना त्या वेळी बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी विकार होता आणि त्यांतल्या 70 टक्क्यांच्या आसपास लोकांना उपचार मिळत नव्हते. हाच आकडा जोयड्याला लावला तर तालुक्यात शंभराच्या आसपास रुग्ण निघावेत आणि उपचार तिसांच्या हाती असावेत. हा नुसता कागदावरचा गुणाकार आहे. जंगलातल्या वाड्यांची गोष्ट याहून बरी असेल असं मानायला मात्र काही कारण दिसत नाही.

या तिसांच्या पिशवीत जी पट्टी असते, ती बहुतेकदा फिट्सच्या औषधाची. सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स, कधी कार्बामाझेपिन, क्वचित लॅमोट्रिजिन. फेफऱ्यावरची ही औषधं मनाच्या आजारात कशी आली, त्यांतलं कोणतं खरोखर काम करतं, कुणाला त्याची किती किंमत मोजावी लागते आणि रक्ताची तपासणी दूर असलेल्या मुलखात निवड कशी करावी, याचा हा आढावा.

आजाराची दोन टोकं

बायपोलर विकारात माणूस काही आठवडे किंवा महिने उन्मादात असतो, काही काळ नैराश्यात आणि मधल्या काळात बहुतेकदा तुमच्याआमच्यासारखा. उन्मादाची पहिली खूण झोपेत दिसते. माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलण्याला खंड नसतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी असते, खिशातले आणि उधारीचे पैसे उडतात, घरात-गावात भांडणं होतात. काहींना आपल्याला देवाने निवडल्याची खात्री वाटू लागते. उळवीची जत्रा असो की शिमगा, रात्ररात्र जागरणं झाली की ज्याला हा आजार आहे त्याचा तोल सुटायला तेवढं निमित्त पुरतं. झोप मोडणं हे उन्मादाचं लक्षणही आहे आणि कारणही. अशा वेळी घरचे आधी कौल लावतात, मग दवाखाना बघतात. त्यात काही आठवडे जातात आणि तोवर बैल किंवा दागिना विकून झालेला असतो.

दुसरं टोक लवकर ओळखू येत नाही. माणूस कोपऱ्यात बसतो, जेवत नाही, शेतावर जात नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. तो दवाखान्यात गेलाच, तर मागच्या उन्मादाबद्दल कुणी विचारत नाही आणि त्याला नुसतं नैराश्यावरचं औषध मिळतं. बायपोलर रुग्णाला मूड सावरणाऱ्या औषधाची (मूड स्टॅबिलायझरची) जोड न देता असं औषध दिलं तर काही जण थेट उन्मादात जातात.

भारतीय रुग्णांच्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या आजारात उन्मादाचं पारडं जड असतं. पुढे औषधांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण प्रत्येक औषध दोन्ही टोकांना सारखं धरत नाही.

विद्रावकापासून औषधापर्यंत

व्हॅल्प्रोइक आम्ल 1882 साली अमेरिकेत बेव्हर्ली बर्टन या रसायनतज्ज्ञाने बनवलं. पुढची ऐंशी वर्षं ते प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवायच्या कामी येत होतं. 1963 साली फ्रान्समध्ये ग्रनोब्लला पिएर एमार नवी संयुगं तपासत होते. ती विरघळवायला त्यांनी हेच वापरलं, आणि प्राण्यांवरच्या चाचणीत दिसलं की झटके थांबताहेत ते विरघळलेल्या संयुगांमुळे नव्हे, तर विद्रावकामुळेच. लगेचच, 1966 साली, फ्रान्समध्येच लांबेर यांनी याचंच भावंड असलेलं व्हॅल्प्रोमाइड बायपोलरच्या रुग्णांत उपयोगी पडत असल्याचं नोंदवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उन्मादासाठी डायव्हॅल्प्रोएक्सला मान्यता दिली ती मात्र 1995 साली. मधली तीस वर्षं पुरावा जमवण्यात गेली.

कार्बामाझेपिनची वाट जपानमधून गेली. बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी 1953 साली ते बनवलं. फेफरं आणि चेहऱ्याची मज्जातंतूची कळ यांवर ते वापरात आलं. ते घेणाऱ्या फेफऱ्याच्या रुग्णांची मनःस्थितीही सुधारते, असं डॉक्टरांच्या नजरेत आलं. सत्तरीच्या सुरुवातीला ताकेझाकी-हानाओका आणि ओकुमा यांच्या गटांनी ते उन्मादावर वापरून पाहिलं. उन्मादावरच्या लिथियम या जुन्या औषधाला जपानमध्ये मान्यता 1980 साली मिळाली, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना पर्याय शोधणं भागच होतं. पुढे अमेरिकेत बॅलेंजर आणि रॉबर्ट पोस्ट यांनी औषध आणि खोटी गोळी (प्लासिबो) यांची आंधळी तुलना केली.

याच पोस्ट यांनी या वापराला एक कल्पना दिली. उंदरांच्या मेंदूला रोज अगदी हलका विजेचा चटका दिला तर सुरुवातीला काहीच होत नाही, पण काही दिवसांनी त्याच चटक्याने झटका येतो आणि पुढे चटक्याशिवायही येतो. बायपोलरमध्येही आजाराचे पहिले एक-दोन भाग (एपिसोड) एखाद्या मोठ्या आघातानंतर येतात आणि पुढचे विनाकारण, असं त्यांनी मांडलं. पावसात भिजलेलं सरपण पेटायला वेळ घेतं, पण एकदा निखारा धरला की फुंकरही पुरते, तसं काहीसं. कल्पना मनाला पटणारी आहे आणि लवकर उपचार करण्याचा आग्रह तिच्यातून निघाला. पण तिच्यावर भार टाकून औषध निवडता येत नाही. फेफरं थांबवणारं प्रत्येक औषध मन सावरत असतं, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

कोणतं चाललं, कोणतं नाही

फिट्सच्या औषधांचं हे कुटुंब एकसंध नाही. मूड सावरण्याच्या बाबतीत त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची परीक्षा द्यावी लागली आणि निकाल वेगवेगळे लागले.

व्हॅल्प्रोएट उन्मादात पास झालं. बाउडेन आणि सहकाऱ्यांनी 1994 साली रुग्णालयात दाखल असलेल्या 179 रुग्णांचा तीन आठवडे अभ्यास केला. लक्षणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालेल्यांचं प्रमाण डायव्हॅल्प्रोएक्सवर 48 टक्के, लिथियमवर 49 आणि खोट्या गोळीवर 25 टक्के निघालं. याला आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. वजनाच्या हिशेबाने पूर्ण मात्रा लवकर देता येते आणि काही दिवसांत माणूस शांत होऊ लागतो. घरात रात्रभर आरडाओरड चालू असताना हे दिवस फार मोलाचे असतात.

कार्बामाझेपिनही उन्मादात चालतं. त्याच्या लांबत्या परिणामाच्या एका कॅप्सूलला अमेरिकेत 2004 साली बायपोलरसाठी मान्यता मिळाली. तरी मार्गदर्शक सूचनांत ते सहसा दुसऱ्या फळीत असतं, कारण ते हाताळायला अवघड आहे. ते यकृताची विकरं वाढवतं. त्यामुळे काही आठवड्यांत स्वतःचीच रक्तातली पातळी खाली आणतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांसह इतर अनेक औषधांची ताकद कमी करतं. रक्तातलं सोडियमही त्याने घसरू शकतं.

लॅमोट्रिजिनची तऱ्हा उलटी. उन्मादात ते काम करत नाही. 2003 साली बायपोलरच्या प्रतिबंधासाठी त्याला मान्यता मिळाली ती अठरा महिन्यांच्या अभ्यासांवर. त्यांत दिसलं की लॅमोट्रिजिनवर पुढचं नैराश्य उशिरा येतं आणि लिथियमवर पुढचा उन्माद. आलेल्या नैराश्यातून बाहेर काढण्याच्या कामी त्याचा परिणाम माफकच आहे. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पाचही चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा कुठे तो दिसला. वारंवार नैराश्यात जाणाऱ्या आणि उन्माद सौम्य असणाऱ्या रुग्णासाठी ते उत्तम औषध आहे. आपल्याकडे उन्मादाचं पारडं जड असलेले रुग्ण जास्त, म्हणून त्याची जागा लहान असली तरी नेमकी आहे.

गॅबापेंटिन आणि टोपिरामेट नापास झाली. गॅबापेंटिन हा या सगळ्या प्रकरणातला धडा आहे. नव्वदच्या दशकात बायपोलरसाठी ते मोठ्या प्रमाणावर लिहून दिलं जात होतं. नीट चाचण्या झाल्या तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मान्यता नसलेल्या वापरासाठी त्याचा प्रचार केल्याच्या खटल्यात 2004 साली वॉर्नर-लॅम्बर्टने गुन्हा कबूल केला आणि तिची मालक कंपनी फायझरने 43 कोटी डॉलरची तडजोड केली. 2011 साली चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी उन्मादावरच्या 68 चाचण्या आणि 16 हजारांवर रुग्ण एकत्र तोलले, तेव्हा गॅबापेंटिन, लॅमोट्रिजिन आणि टोपिरामेट ही तिन्ही खोट्या गोळीच्या पुढे गेली नाहीत. त्याच तुलनेत हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन यांसारखी मनोविकृतीवरची औषधं सर्वांत वर होती. म्हणून तीव्र उन्मादात डॉक्टर सुरुवातीला व्हॅल्प्रोएटला यांपैकी एखाद्याची जोड देतात, ते योग्यच आहे.

लिथियम बाजूला का पडलं

फिट्सची औषधं ज्याच्याशी तोलायची ते माप म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 साली ते उन्मादावर वापरलं. त्यानंतर पाऊणशे वर्षांत त्याच्याइतका दीर्घकाळाचा पुरावा दुसऱ्या कुणाकडे जमा झालेला नाही. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबतही सर्वांत भक्कम आधार लिथियमलाच आहे.

दोघांची समोरासमोर गाठ पडली ती बॅलन्स या चाचणीत. तिचे निकाल 2010 साली आले. 330 रुग्णांचे तीन गट केले, एका गटाला लिथियम, एकाला व्हॅल्प्रोएट, एकाला दोन्ही. दोन वर्षांत नवा भाग उद्भवून औषध वाढवावं लागलं ते व्हॅल्प्रोएटवर 69 टक्क्यांना, लिथियमवर 59 आणि दोन्हींवर 54 टक्क्यांना. उन्माद शांत करायला व्हॅल्प्रोएट लिथियमच्या बरोबरीचं आहे, पण तो परत येऊ न देण्यात ते मागे पडतं.

मग खेड्यापाड्यांतल्या पट्ट्यांवर व्हॅल्प्रोएट का दिसतं? कारण लिथियमला मोजमाप लागतं. त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी जवळजवळ असतात. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर हवं आणि 1.5 च्या वर गेलं की हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल लटपटते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावं लागतं. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचीही ठरावीक तपासणी लागते. भाताच्या कापणीत घाम गाळणारा, जुलाब लागलेला, किंवा अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेणारा माणूस नकळत आपली लिथियमची पातळी वाढवत असतो.

व्हॅल्प्रोएट इतकं काटेकोर नाही. मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तर लगेच काही बिघडत नाही. फिट्ससाठी ते सरकारी दवाखान्यात आलेलंच असतं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत लिथियम आणि सोडियम व्हॅल्प्रोएट दोन्ही आहेत, पण तालुक्याच्या कपाटात हमखास सापडेल असं त्यांतलं दुसरंच. थोडक्यात, निवड झाली ती पुराव्यापेक्षा सोयीने. सोय खोटी नसते. जे औषध रोज घेता येतं तेच खरं औषध. प्रश्न आहे तो या सोयीची किंमत कोण भरतं हा.

बायकांच्या वाट्याचा भार

व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. क्वचित यकृत किंवा स्वादुपिंड गंभीर दुखावतं, प्लेटलेट कमी होतात. हे सगळं स्त्री-पुरुष दोघांना. बाईसाठी हिशेब इथे थांबत नाही. तरुण मुलींमध्ये मासिक पाळी बिघडून अंडाशयात गाठी होण्याचा त्रास वाढतो. आणि गर्भ राहिला तर धोका फार मोठा असतो. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या दर दहा बाळांपैकी एकाच्या आसपास जन्मतः मोठं व्यंग असतं. त्यांत पाठीचा कणा उघडा राहणं, हृदयाचे दोष आणि फाटलेला टाळू हे येतं. दहांपैकी तीन-चार मुलांत बोलणं, शिकणं, वागणं यांची वाढ मागे पडते. मात्रा जास्त तितका धोका जास्त. कण्याचा दोष गर्भ राहिल्यापासून पहिल्या महिन्यातच ठरतो, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्याव्यातच, पण त्यांनी व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असं मानू नये.

म्हणून 2018 साली युरोपच्या औषध यंत्रणेने बायपोलरसाठी गरोदरपणात व्हॅल्प्रोएट वापरूच नये असं ठरवलं आणि मूल होऊ शकेल अशा वयात पक्क्या गर्भनिरोधनाची अट घातली. ब्रिटनने जानेवारी 2024 पासून 55 च्या आतल्या स्त्री-पुरुष दोघांनाही ते नव्याने सुरू करण्याआधी दोन तज्ज्ञांची संमती बंधनकारक केली. तुलनेत लॅमोट्रिजिनवर व्यंगाचं प्रमाण जवळजवळ सर्वसाधारण पातळीचं असतं. लिथियमने हृदयाच्या दोषाचा धोका थोडा वाढतो, तोही मात्रेप्रमाणे. कार्बामाझेपिन या दोन्हींपेक्षा वाईट आणि व्हॅल्प्रोएटपेक्षा बरं.

बायपोलरची सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे होते. त्याच वयात घरात लग्नाची बोलणी चालू असतात आणि मुलगी कोणती गोळी घेते हे सासरी सांगायचं नसतं. डॉक्टरांपुढे आई किंवा मामा बोलतो, मुलगी गप्प. तिला कुणी विचारत नाही की लग्न कधी आहे, मूल कधी हवं आहे. सोय म्हणून निवडलेल्या गोळीची किंमत जिला भरायची, तिचाच आवाज त्या खोलीत नसतो. मुलखातल्या सगळ्या अडचणी मान्य केल्या तरी, या वयाच्या बाईला दुसरा पर्याय न पाहता व्हॅल्प्रोएट सुरू करणं याचं समर्थन करता येत नाही.

गोळी घरी पोचल्यावर

औषधांच्या खिडकीपाशी घडणारी एक नेहमीची गोष्ट घेऊ. डिग्गीकडचा कुणी मामा भाच्याची चिठ्ठी घेऊन उभा आहे.

"साहेब, ह्या तर फिट्सच्या गोळ्या. आमच्या पोराला कधी फिट आलेली नाही."

"डॉक्टरांनी मन ताळ्यावर राहावं म्हणून दिल्यात, मामा. फिट्सलाही हीच चालते, ह्यालाही हीच."

"मग किती दिवस?"

या शेवटच्या प्रश्नाला खिडकीवर उत्तर नसतं. ते डॉक्टरांनी आधी दिलेलं असायला हवं. उत्तर असं, की बरं वाटलं तरी थांबायचं नाही आणि थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू. ही औषधं एकदम बंद केली तर आजार उलटण्याचा धोका असतोच, आणि आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही फिट येऊ शकते.

लॅमोट्रिजिनचं वेळापत्रक तर भिंतीवर लिहून लावावं असं. पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे 50, मग 100 आणि पुढे 200 च्या आसपास. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हे सगळं निम्मं, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरात दुप्पट टिकवून ठेवतं. घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ उठतं आणि क्वचित त्वचा सोलून तोंड-डोळ्यांत फोड येणारा स्टीव्हन्स-जॉन्सन हा जीवघेणा प्रकार होतो. त्यातली जोयड्यासाठीची महत्त्वाची अट अशी की पाचेक दिवस गोळी चुकली तर मागच्या मात्रेवरून सुरू करायचं नाही, पुन्हा 25 पासून चढायचं. दरड कोसळून घाट बंद झाला आणि आठवडाभर औषध मिळालं नाही, तर घरच्यांना हे माहीत असायला हवं. नाहीतर ते चांगल्या मनाने थेट 200 ची गोळी देतील.

कार्बामाझेपिनमध्येही हाच त्वचेचा धोका आहे. आशियाई वंशाच्या काही लोकांत असलेल्या एका जनुकीय खुणेशी तो जोडलेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 साली या खुणेची चाचणी आधी करा अशी सूचना दिली. भारतात ही खूण सर्वत्र सारखी आढळत नाही आणि चाचणी तालुक्यात होत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळ, ताप किंवा तोंड येणं दिसलं की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, एवढं तरी घरच्यांना सांगून पाठवावं.

दमट हवा हा इथला वेगळा शत्रू. सोडियम व्हॅल्प्रोएट पाणी ओढून घेतं. आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरल्या तर अनमोड-कॅसलरॉकच्या पावसात त्या चिकट होऊन बसतात. कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओलसर हवेत कडक होतात आणि त्यांची ताकद एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेत 1990 सालीच देण्यात आला होता. गोळी पट्टीतून घ्यायच्या वेळीच काढावी आणि पट्टी चुलीवरच्या फळीवर किंवा न्हाणीत ठेवू नये, हा सल्ला इथे औषधाइतकाच कामाचा.

चार वाटांच्या मुलखात आणखी एक घोळ होतो. धारवाडच्या चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव, गोव्याच्या चिठ्ठीवर दुसऱ्या, आतलं औषध मात्र एकच. घरचे दोन्ही चालू ठेवतात आणि मात्रा दुप्पट होते. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की लॅमोट्रिजिन आणि व्हॅल्प्रोएट दोन्हींची पातळी खाली जाते आणि आजार डोकं वर काढतो. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात जाताना कागदाबरोबर चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या न्याव्यात. कागद वाचता आला नाही तरी पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव कुणीही वाचतं.

फिट्सच्या सगळ्याच औषधांबाबत 2008 साली एक इशारा आला. 199 चाचण्या एकत्र पाहिल्यावर आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषधावर 0.43 टक्के आणि खोट्या गोळीवर 0.24 टक्के लोकांत आढळले. फरक लहान आहे आणि बायपोलरमध्ये औषध न घेण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. पण औषध सुरू झाल्यावर माणूस अधिक उदास झाला, मरणाचं बोलू लागला, तर तो आजाराचाच भाग म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेल्या या मोफत सेवेवर कन्नडबरोबर मराठीतही बोलता येतं, अर्थात वाडीत रेंज असेल तर.

मग काय निवडावं

एवढा पुरावा समोर ठेवला तर चित्र बरंचसं स्पष्ट आहे. तीव्र उन्मादात व्हॅल्प्रोएट, बहुधा मनोविकृतीवरच्या एखाद्या औषधाच्या जोडीने, हा रास्त मार्ग आहे, विशेषतः पुरुषांत आणि मूल होण्याचं वय ओलांडलेल्या बायकांत. नैराश्याचंच पारडं जड असलेल्यांना लॅमोट्रिजिन, पण वेळापत्रक पाळण्याची खात्री असेल तरच. कार्बामाझेपिन ही पुढची पायरी. गॅबापेंटिन किंवा टोपिरामेट मूडसाठी म्हणून लिहिलं असेल तर कारण विचारावं. आणि ज्याला वर्षानुवर्षं आजारापासून लांब ठेवायचं आहे, ज्याच्या घरात आत्महत्येचा इतिहास आहे, किंवा जी तरुण बाई आहे, तिथे लिथियमचा विचार आधी व्हावा.

लिथियमला तपासणी लागते म्हणून जोयड्यात ते चालणार नाही, हे आता नशिबावर ढकलण्याचं कारण उरलेलं नाही. कर्नाटकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो आणि मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकाराची तपासणी ठेवायची कल्पना आहे. लिथियमसाठी रोग्याने प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, रक्त गेलं तरी चालतं. जोयड्यात सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, साध्या नळीत रक्त घ्यायचं. लिथियम हेपरिनच्या नळीत घेतलं तर आकडाच खोटा येतो, एवढं तंत्रज्ञाला ठाऊक हवं. रक्तजल वेगळं करून थंड ठेवलं तर ते काही दिवस टिकतं. तालुका रुग्णालयातून कारवारला इतर नमुने जातात त्याच गाडीत ते जाऊ शकतं आणि निकाल फोनवर येऊ शकतो. औषध ठरलं की सुरुवातीला आठवड्याला एकदा, मग तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, एवढाच हा व्याप.

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या प्रत्येक तरुण बाईची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. आशा ताईला त्या यादीतली नावं माहीत असावीत. लग्न ठरलं किंवा मूल हवं असं कळलं, की औषध बदलण्याचा सल्ला त्या आधी मिळावा, पाळी चुकल्यावर नव्हे. यासाठी नवं औषध शोधायला नको आणि नवा दवाखाना बांधायला नको. उपलब्ध असलेल्या पुराव्यातून निवड करणं आणि त्या निवडीची नोंद ठेवणं, एवढं झालं तरी सोयीची किंमत चुकीच्या माणसाच्या माथी बसणार नाही.